आतले आणि शंभरावं घर

"राहतो कुठे?"

खिडकीचं दार वीतभर उघडायचं, शाईने निळी झालेली दोन बोटं बाहेर यायची आणि मागच्या अंधारातून हा प्रश्न यायचा. तुम्हाला वाटेल, कुणा नव्या माणसाची चौकशी चालली असेल. तसं नव्हतं. चौकशी राक्षसाची होती.

"राक्षस आहे हो तो," मी छत्री सावरत म्हणायचो. "असेल कुठेतरी. आपल्याला फक्त बाराव्या घरात एक राक्षस हवा आहे."

"बाराव्या घरात तो कामाला येतो. काम संपल्यावर जातो कुठे?"

मी छत्री दुसऱ्या हातात घ्यायचो.

"आणि खातो काय? तेही विचारून या." बोटं आत जायची, खिडकी लागायची.

मी पुण्याला कॉलेजात शिकलेला, चार बरी पुस्तकं वाचलेला माणूस. लोणावळ्याच्या पावसात गुडघ्यापर्यंत भिजून एका राक्षसाचा कायमचा पत्ता शोधायची वेळ माझ्यावर येईल, असं कुठल्याही प्राध्यापकाने मला सांगितलं नव्हतं.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. मी लोणावळ्यात एका छोट्या छापखान्यात व्यवस्थापक होतो. आम्ही खेळांचे पट छापत असू. सापशिडी, घोड्यांची शर्यत, असले. लोक लोणावळ्याला हवा खायला येतात, आणि पावसाळ्यात आले तर खोलीत अडकून पडतात. नवरा, बायको, दोन मुलं, सासूबाई आणि खिडकीबाहेर नुसतं धुकं. पहिल्या दिवशी भजी होतात, दुसऱ्या दिवशी भांडणं. आमच्या मालकांनी हे बरोबर हेरलं होतं. तिसऱ्या दिवशी घरातला कर्ता पुरुष चिक्कीच्या दुकानात तोंड लपवायला येतो, तेव्हा समोरच आमचे पट टांगलेले असायचे. मालकांनी आपलं आयुष्य दोन गोष्टींवर उभं केलं होतं. एक, परगावच्या लोकांचा कंटाळा. दुसरी, स्वतःचे सत्कार. घरी त्यांच्या शालींचं वेगळं कपाट होतं.

एका सकाळी छापखान्याच्या दाराखालून कुणीतरी एक चित्र आत सरकवलेलं दिसलं. आमच्याच सापशिडीतला साप होता, पण तो शिडी गिळत होता. निम्मी शिडी पोटात गेली होती आणि तिच्या पायऱ्या बाहेरून बरगड्यांसारख्या दिसत होत्या. सापाच्या तोंडावर आपली चूक उशिरा लक्षात आल्याचा भाव होता. मालकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कोण आहे हा? पकडा."

चित्र आणून टाकणारा माळी सापडला. तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. मंडळी वर्षातून एकदा यायची, एरवी कुलूप आणि हा माळी. मागे नोकरांसाठी बांधलेली एक खोली होती. मी माळ्याला विचारलं, "तिथे कोण राहतं?"

"आतले."

"आतले म्हणजे कोण?"

"म्हंजी आत असत्यात ते."

पुढे सगळं गावच त्यांना आतले म्हणू लागलं. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. वाणसामान माळी पायरीवर ठेवायचा, मी खिडकीपाशी उभा राहायचो. कागद त्या वीतभर फटीतून आत जायचे आणि चित्रं तिथूनच बाहेर यायची. कितीतरी पावसाळे मी त्या दोन बोटांशी बोलत काढले. बोटांवरून माणूस ओळखता येतो असं म्हणतात. मला एवढंच ओळखता आलं की माणूस डावखुरा आहे.

आता आमच्या कामाची एक अडचण सांगितली पाहिजे. लोणावळ्यात पावसाळ्यात काहीही वाळत नाही. पट छापून जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले की ते पापडासारखे फुगायचे आणि आठवड्याने त्यांवर बुरशी यायची. यावर मालकांनी तोड काढली. शेजारी त्यांच्या मेव्हण्यांचा चिक्कीचा कारखाना होता. तिथे गुळाच्या भट्टीमागे एक खोली कायम तापलेली असायची. तिथे दोऱ्या बांधून आम्ही पट वाळत घालू लागलो. पट खडखडीत वाळायचे, पण त्यांवर गुळाची वाफ बसायची. आमच्या सगळ्या खेळांना चिक्कीचा वास यायचा आणि त्यांना मुंग्या लागायच्या.

एकदा मुंग्यांनी एका राक्षसाचा डावा कान पार खाल्ला. शंभरेक पटांवरचा, अगदी ठरवून खाल्ल्यासारखा. मी घाबरत घाबरत खिडकीपाशी गेलो.

"कान खाल्ला?" आतून आवाज आला.

"हो. मुंग्यांनी."

मी एक पट फटीतून आत सरकवला. मग: "म्हणजे आता त्याला कमी ऐकू येतं."

"हो, म्हणजे... तसंच म्हणायचं."

"मग नियमात एक ओळ घाला. या घरात येणाऱ्याने आपलं दान ओरडून सांगावं. दोनदा."

आम्ही ती ओळ छापली. त्या पावसाळ्यात लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या बंद खोल्यांमधून "पाच! पाच!" अशा आरोळ्या ऐकू यायच्या, आणि तो खेळ हातोहात गेला. यात शहाणपण कुणाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा मुंग्यांचं.

आता राक्षसाच्या पत्त्याचं काय झालं ते ऐका.

टाकवे बुद्रुकचा एक दूधवाला होता, धोंडीबा. पहाटे कान्हे स्टेशनवर पॅसेंजर पकडायचा, लोणावळ्याला उतरायचा आणि तुंगार्लीकडच्या बंगल्यांना रतीब घालायचा. सहा फूट उंच, पिळदार मिशा, लाल पागोटं. धोंडीबाला एकच व्यसन होतं. त्याला 'माहीत नाही' असं म्हणता यायचं नाही. तुम्ही त्याला काहीही विचारा, ते त्याने पाहिलेलं असायचं, आणि पाहिलेलं नसेल तर त्याच्या मेव्हण्याने पाहिलेलं असायचं.

त्या दिवशी मी खिडकीखाली हताश उभा होतो. हातात बाराव्या घरातल्या राक्षसाचं कच्चं चित्र होतं. आठ पायांचा, माशाच्या शेपटीचा आणि डोक्यावर कंदील असलेला एक प्राणी. धोंडीबा किटली घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून डोकावला.

"ह्यो हितं कसा?" तो म्हणाला.

"तू ओळखतोस याला?"

"म्हंजी! ह्यो इंदुरीच्या किल्ल्यात ऱ्हातो. नदीकडच्या बुरजात. माझा मेव्हना इंदुरीचाच हाय. त्यानं दोनदा ह्येचा कंदील इझवलाय."

खिडकी उघडली. वीतभर नव्हे, चांगली हातभर.

"खातो काय?" आतून विचारलं गेलं.

"उसाचं वाढं खातंय. न्हाई मिळालं तर चपला. पन चामड्याच्याच हां, रबराची त्येला बाधती."

"बसतो कसा?"

"म्हस बसती तसाच. आदी फुडचं मोडतो, मग मागलं. मधले चार कवा कवा इसारतो, मग पडतो."

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. दाराची कडी निघाली.

"या," आतले म्हणाले. मला नव्हे, धोंडीबाला.

त्या दिवसापासून धोंडीबा रोज सकाळी दूध घेऊन सरळ आत जायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर यायचा. तो आमचा साक्षीदार होता. त्याने सांगितल्याशिवाय आतले एकही प्राणी काढेनात. नागफणीच्या सुळक्यावर वाळत घातलेल्या चादरीसारखा राहणारा, वारा आला की जागा बदलणारा पक्षी. टाकव्याच्या ओढ्यातली, पाणी वाढलं की झाडावर चढून कंटाळून बसणारी मगर. रेल्वेच्या बोगद्यात राहणारा आणि गाडी आली की भिंतीला चिकटून उभा राहणारा लाजाळू दैत्य. हे सगळं त्याने छातीठोकपणे पाहिलेलं होतं. मला पावसात उभं ठेवून आत दोन मोठी माणसं असल्या गोष्टींवर डोकं खपवत होती. खरं सांगतो, मला मत्सर वाटायचा.

"आत कसं आहे रे?" मी एकदा विचारलं.

"आत? आतल्यावानीच हाय."

"आणि ते दिसतात कसे?"

धोंडीबाने विचार केला. "मानसावानी," तो म्हणाला.

कंदीलवाल्याचे तपशील देणारा धोंडीबा एवढ्यावर थांबावा, याचं मला आश्चर्य वाटलं. आता वाटत नाही. जे त्याने खरोखर पाहिलं होतं, त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही.

हे सगळे प्राणी एका मोठ्या पटासाठी चालले होते. पाताळपट. शंभर घरं, प्रत्येकात कुणीतरी राहणारं. आतले त्यावर कित्येक वर्षं काम करत होते. बाकीचे खेळ आमच्यासाठी, हा त्यांच्यासाठी.

एकदा पाऊस थोडा कमी होता. मी विचारलं, "हा पूर्ण झाल्यावर काय करणार?"

"तिथे राहायला जाणार."

मी हसलो. आतून हसू आलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी आपल्याबद्दल काय ते एवढंच सांगितलं. पूर्वी ते तळेगावात होते. तिथे कुणा उत्साही मास्तरांनी त्यांची चित्रं पाहिली आणि 'चित्रकार कसा काम करतो' ते दाखवायला अख्खा वर्ग घेऊन आले. मुलं रांगेत उभी राहिली. सगळ्यांनी एकदम नमस्कार केला.

"आणि?"

"हात थांबला."

"म्हणजे दुखायला लागला?"

"नाही. थांबला. ब्रश धरला की ब्रश धरलेला माणूस दिसायचा. प्राणी दिसेना. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मग एका रात्री सामान उचललं आणि इथे आलो."

"पुन्हा कुणी बघायला आलं तर?"

"तर पाताळपट राहिला," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. दूध संपलं म्हणावं तसं.

आता अशा माणसाचा सत्कार करायचा, हे कुणाच्या डोक्यात येईल? आमच्या मालकांच्या. ते गावच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाच्या वर्धापनदिनाला एक उपमंत्री येणार होते, आणि उपमंत्र्यांच्या हस्ते सत्कार करायला गावात एकही नवा माणूस उरला नव्हता. डॉक्टर झाले होते, स्टेशनमास्तर झाले होते, मालक स्वतः तर वरचेवर व्हायचे.

"आतले," मालक म्हणाले. "लोणावळ्याचा अज्ञात महान चित्रकार. झालं, ठरलं."

"ते येणार नाहीत," मी म्हणालो.

"सत्काराला नाही म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही."

"तुम्ही त्यांनाही पाहिलेलं नाही."

"म्हणूनच! रविवारी सकाळी आपण मोटार घेऊन दारात उभे. हार घालायचा, गाडीत बसवायचं, सभागृहात न्यायचं. हार पडल्यावर माणूस पळत नाही. अनुभव आहे."

मी खिडकीपाशी जाऊन सांगितलं. न सांगणं शक्य नव्हतं. बोटं बाहेर होती, ती हळूहळू आत गेली.

"पट कितीसा राहिलाय?" मी विचारलं.

"दोन घरं. नव्व्याण्णवावं आणि शंभरावं." थोड्या वेळाने आवाज आला, "खंडाळ्याच्या पुढे कुठलं स्टेशन?"

"पुढे घाट आहे."

"घाटात बसून काढता येईल का?"

मी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. विनोदी माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येऊ नयेत. मी म्हणालो, "मी मालकांशी पुन्हा बोलतो." बोललो. मालकांनी मला मंडपाच्या फुलांचं काम दिलं.

रविवार उजाडला. मोटारीतून आम्ही चौघे उतरलो. मालक, मंडळाचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, फोटोग्राफर आणि मी, माझ्या हातात झेंडूचा एवढा मोठा हार. बंगल्याला वळसा घालून मागे गेलो. खिडकी बंद. मालकांनी घसा खाकरला आणि दारावर थाप मारायला हात उचलला.

तेवढ्यात दार उघडलं आणि आतून धोंडीबा बाहेर आला.

त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते. ओला कागद धरून ठेवायला आतल्यांनी त्याला थांबवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दारातून आजपर्यंत दुसरा कुठलाही माणूस बाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता. मालक तर त्या रस्त्याला कधी फिरकलेच नव्हते, त्यांचं दूध गावातल्या डेअरीतून यायचं. त्यांनी ते निळे हात पाहिले, माझ्या हातातला हार ओढला आणि धोंडीबाच्या गळ्यात टाकला. फोटोग्राफरचा दिवा चमकला.

"धन्य झालो!" मालक म्हणाले.

"दूद संपलं बगा आज," धोंडीबा म्हणाला.

"वा! विनोदी आहेत."

"मातीतला कलावंत," हेडमास्तर गदगदून म्हणाले. "पाहताक्षणी समजतं."

मी तोंड उघडलं. त्याच वेळी खिडकी उघडली, अगदी दोन बोटं मावतील एवढीच. ती दोन बोटं बाहेर आली, फुलीसारखी एकमेकांवर आडवी झाली आणि आत गेली. खिडकी लागली. मीही तोंड मिटलं.

"चला, गाडीत बसा," मालक म्हणाले. धोंडीबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बसला, किटली मांडीवर घेऊन.

सभागृह भरलं होतं. उपमंत्री कलेवर बोलले. कला म्हणजे राष्ट्राचा श्वास, आणि श्वासाचं नियोजन झालं पाहिजे, असं काहीतरी. मालक स्वतःवर बोलले. मग शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि धोंडीबाला दोन शब्द बोलायची विनंती.

धोंडीबा उभा राहिला. तो खोटारडा होता, पण लबाड नव्हता. एवढ्या लोकांना पाहून त्याला एकदम खरं बोलावंसं वाटलं.

"मंडळी," तो म्हणाला, "खरं सांगतो, मला काय बी काडता येत न्हाई."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "केवढा विनय!" हेडमास्तर उपमंत्र्यांना म्हणाले.

"आवो खरंच न्हाई येत! साधी रेघ वडली तर वाकडी जाती."

आणखी टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या रांगेत मात्र कुजबुज झाली. "अहो, हा तर आपला दूधवाला!" एक बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"असेल," नवरा म्हणाला. "पोटासाठी कलावंताला काय काय करावं लागतं बघ. आणि तू त्याला दुधातल्या पाण्यावरून बोलतेस."

खरं बोलून काही उपयोग होत नाही असं दिसल्यावर धोंडीबा आपल्या नेहमीच्या वाटेवर आला. इंदुरीचा कंदीलवाला, ओढ्यातली मगर, बोगद्यातला दैत्य. कोण कुठं राहतं, काय खातं. लोक भारावून ऐकत होते.

मी मागच्या दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. शेजारी एक बुटका माणूस येऊन उभा राहिला. माकडटोपीतून नाक आणि चष्मा एवढंच दिसत होतं. अंगावर जुना रेनकोट, दोन्ही हात खिशात. तो पूर्ण भाषण ऐकत होता, आणि मगर झाडावर कंटाळून बसते तिथे त्याने समाधानाने मान डोलावली. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं:

"हे राहतात कुठे?"

तो आवाज मी काळोखातून इतकी वर्षं ऐकलेला होता. माझ्या पायाखालची चप्पल सरकली.

"टाकव्याला," मी कसंबसं म्हणालो.

"छान," तो म्हणाला. "मोठा माणूस दिसतो." खिशातला डावा हात बाहेर काढून त्याने चपलांतून आपली चप्पल शोधली आणि पावसात निघून गेला. बोटं निळी होती. मी आतल्यांना बाहेर पाहिलं ते तेवढंच, आणि पाहिलं म्हणजे माकडटोपी पाहिली.

पुढचं सगळं आपोआप झालं. वर्तमानपत्रात फोटो आला. धोंडीबाच्या दुधाला गावात पुन्हा कुणी नाव ठेवलं नाही. मंडळाने टाकव्याला त्याच्या घरावर पाटी लावली, 'येथे थोर चित्रकार राहतात'. पाटीखाली म्हैस बांधलेली असायची. मुंबईची मंडळी टॅक्सी करून यायची. धोंडीबा त्यांना ओढ्यावर न्यायचा आणि म्हणायचा, "मगर आत्ताच निजलीय बगा. सांजच्याला आला असता तर दिसली असती."

आणि तुंगार्लीच्या खोलीकडे कुणीही फिरकलं नाही. आतला हात चालत राहिला.

"शाल धोंडीबा तुम्हाला परत करायची म्हणतोय," मी एकदा खिडकीपाशी म्हणालो.

"त्यालाच राहू दे. त्याला शोभते," आतले म्हणाले. "शिवाय मला ती पुढे लागणार आहे. त्याच्याच अंगावर."

मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही. राक्षसांचे पत्ते शोधून माणसाची जिज्ञासा जरा बोथट होते.

थंडी सरता सरता एका सकाळी माळी धावत आला. "खिडकी उगडी हाय," तो म्हणाला. "समदी."

आम्ही गेलो. खिडकी सताड उघडी, दार उघडं. आत एक टेबल, एक खाट, झाडून काढलेली जमीन. इतकी वर्षं मी ज्या अंधाराशी बोललो, त्यात सकाळचं ऊन पडलं होतं आणि ती अगदी साधी खोली होती.

मी चौकीवर गेलो. जमादारांनी वर्णन विचारलं. मला नाक आणि चष्मा यापलीकडे काही सांगता येईना. मग त्यांनी गावात चौकशी केली. गावाने एकमुखाने सांगितलं: सहा फूट, पिळदार मिशा, लाल पागोटं. शिवाय वर्तमानपत्रातला फोटो होताच. संध्याकाळी धोंडीबाला चौकीवर आणलं.

"तुम्ही हरवलात का?" जमादारांनी विचारलं.

"न्हाई बा."

"नक्की?"

"सकाळपास्नं हितंच हाय."

"लिहा," जमादार शिपायाला म्हणाले, "हरवलेला इसम सापडला."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. जमादार शांतपणे म्हणाले, "अहो, समोर बसलेल्या माणसाला मी शोधू कसा?" कायद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. आतले हरवूच शकत नव्हते. कारण सगळ्यांच्या देखत ते रोज टाकव्याहून दूध घेऊन येत होते.

धोंडीबा चौकीच्या पायरीवर बसला. एवढा बोलका माणूस, पण त्या दिवशी 'माझ्या मेव्हण्याने पाहिलं' असं तो म्हणाला नाही. मी विचारलं, "कुठे गेले असतील रे?" त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी चिक्कीच्या कारखान्यातून ठकूमावशीचा निरोप आला. ठकूमावशी भट्टीवर चिक्की लाटायची. "तुमचा कागुद घिऊन जा बाबा, मुंग्या लागतील," ती म्हणाली.

"कुठला कागद?"

"परवाच्याला येक जन माकडटोपी घालून आलाता. दोरीवर त्यानं सोताच घातला. म्या म्हनलं, वल्ला हाय का? तर म्हनला, शेवटचं घर वल्लं हाय. मग भट्टीम्होरं हात शेकत उबा ऱ्हायला. म्या चिक्कीचा तुकडा दिला. खाऊन गेला."

"काही बोलला?"

"इचारत हुता, तुमी ऱ्हाता कुटं. म्या सांगितलं, वळवनला. छान म्हनला."

तो पाताळपट होता. शंभरही घरं भरलेली. आम्ही दोरीवरून तो काढला आणि चिक्कीच्या ओट्यावर पसरला. कंदीलवाला होता, कान खाल्लेला बहिरा राक्षस होता, चादरीसारखा पक्षी होता, ओढ्यातली मगर होती. शेवटच्या ओळीत, नव्व्याण्णवाव्या घरात, शाल पांघरून, श्रीफळ हातात घेऊन, गळ्यात झेंडूचा हार घालून धोंडीबा उभा होता. पागोट्यासह. आणि त्याच्या पाठीमागे, शंभराव्या घरात, एक खिडकी. वीतभर उघडी. आत अंधार. बाहेर दोन निळी बोटं.

खाली त्यांच्या अक्षरात नियम होता: 'नव्व्याण्णवाव्या घरी प्रत्येकाने थांबावे. तेथे सत्कार होईल. सत्कार झाल्यावर पहिल्या घरात जावे.'

म्हणजे शंभराव्या घरात कुणालाच जाता येत नव्हतं.

मालकांनी पट जसाच्या तसा छापला. धोंडीबाने स्वतःचं चित्र काढलं याचं त्यांना फार कौतुक वाटलं. तक्रारी आल्या. खेळ संपत नाही, आम्ही चार दिवस खेळतोय, सुट्टी संपली. पण लोकांचा कंटाळा गेला होता, आणि मालकांना तेवढंच पाहिजे होतं. पाताळपट आम्ही बरीच वर्षं छापला. मग छापखाना बंद पडला, मालक गेले. त्यांच्या शालींचं काय झालं, मला माहीत नाही.

त्यानंतर एकदा मी टाकव्याला गेलो होतो. धोंडीबा थकला होता. पाटीची अक्षरं उडाली होती, म्हैस मात्र नवी होती. मी एक जुना पाताळपट बरोबर नेला होता. अजून गुळाचा वास येत होता. ओसरीवर आम्ही तो मांडला आणि खेळायला बसलो. बहिऱ्या राक्षसाच्या घरात धोंडीबा दान दोनदा ओरडला, घरातली माणसं धावत बाहेर आली.

मी नव्व्याण्णववर पोचलो. धोंडीबाने हात जोडून माझा सत्कार केला आणि मला पहिल्या घरात पाठवलं. थोड्या वेळाने त्याचंही दान पडलं, आणि त्याची सोंगटी नव्व्याण्णववर, त्याच्याच चित्रावर येऊन बसली.

"चल, पहिल्या घरात," मी म्हणालो.

धोंडीबाने चित्रातल्या स्वतःकडे बघितलं. शाल, हार, श्रीफळ.

"ह्यो मीच की," तो म्हणाला. "मीच मला आडवनार व्हय?"

"नियम आहे."

"नियम लोकास्नी," धोंडीबा म्हणाला. त्याने सोंगटी उचलली, स्वतःच्या चित्रावरून हळूच पुढे नेली आणि शंभराव्या घरात, त्या खिडकीखाली ठेवली.

"दूद घालायचंय," तो म्हणाला.